रानटी व घरवासी उंदरांमधील परजीवी आणि मानवी आरोग्य : एक परिचय

प्रस्तावना

इंग्रजीतील 'पॅरासाइट' या शब्दासाठी मराठीत 'परजीवी' किंवा 'परोपजीवी' हे शब्द रूढ आहेत. उर्दूत यासाठी 'तुफैली' हा शब्द आहे. कूफा शहरात तुफैल नावाचा एक गृहस्थ होता. आमंत्रण नसतानाही तो लग्नाच्या पंगतीत जाऊन बसत असे, आणि त्याच्या नावावरून बिनबोलावल्या पाहुण्याला 'तुफैली' म्हटले जाऊ लागले अशी या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती सांगितली जाते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'दुसऱ्याच्या ताटाशेजारी बसून जेवणारा' असाच आहे. शास्त्राने उचललेल्या या दोन्ही शब्दांत एक मर्म आहे. परजीवी हा यजमानाला मारण्यासाठी आलेला शत्रू नसून त्याच्या ताटात वाटा मागणारा पाहुणा असतो. यजमान जिवंत राहिला तरच त्याची पंगत चालू राहते.

उंदीर हा अशा अनेक पाहुण्यांचा यजमान आहे, आणि तो स्वतः आपल्या घराचा बिनबोलावलेला पाहुणा आहे. म्हणजे आपण पाहुण्याच्या पाहुण्यांबरोबर राहतो. यांपैकी कोणते आपल्यापर्यंत पोहोचतात, कोणत्या वाटेने पोहोचतात, आणि कोणत्यांची भीती विनाकारण बाळगली जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उंदीर म्हटले की प्लेग, एवढेच समीकरण बहुतेक सुशिक्षितांच्या मनात असते. त्यामुळे दोन तोटे होतात. प्लेग नसतो तेव्हा उंदरांकडे पूर्ण दुर्लक्ष होते आणि प्लेगची नुसती अफवा उठली तरी शहरे रिकामी होतात. महाविद्यालयीन अध्यापक हा विद्यार्थी, वसतिगृह आणि वस्ती यांना जोडणारा दुवा असल्याने त्याला या विषयाची नेमकी माहिती असणे अगत्याचे आहे.

यजमानांची ओळख

आपण ज्यांना सरसकट 'उंदीर' म्हणतो त्यांत अनेक जाती आहेत. छपरात, माळ्यावर व झाडांवर चढणारा, लांब शेपटीचा काळा घरउंदीर ही एक जात. गटारे, बंदरे व बाजारपेठांत बिळे करून राहणारा, जाड शरीराचा तपकिरी उंदीर ही दुसरी. तिसरी घूस. तिच्या लहान व मोठ्या अशा दोन जाती असून लहान घूस शेतात व शहरातील गोदामांतही आढळते. घुशीला इंग्रजीत 'बँडिकूट' म्हणतात. हा शब्द तेलुगूतील 'पंदिकोक्कु', म्हणजे 'डुक्कर-उंदीर', यावरून गेला आहे, हे हैदराबादच्या वाचकांना चटकन ओळखू येईल. चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. ती कीटकभक्षक गणातील प्राणी आहे. तरीही उंदरावरील पिसवा तिच्या अंगावरही राहू शकतात, म्हणून या विषयात तिला वगळता येत नाही.

जातीचा हा भेद महत्त्वाचा आहे. छपरातील उंदराच्या पिसवा माणसाच्या अंथरुणाजवळ असतात, गटारातील उंदराचे मूत्र पुराच्या पाण्यात मिसळते आणि शेतातील उंदरावरील सूक्ष्म कोळीवर्गीय कीटक गवत कापणाऱ्याच्या पायाला लागतात. उंदीर कोठे राहतो यावर धोक्याची वाट ठरते. म्हणून पुढील विवेचन रोगांच्या नावांनुसार न करता परजीवींच्या वाटांनुसार केले आहे.

पहिली वाट : धान्य आणि तोंड

उंदराच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमींपैकी 'हायमेनोलेपिस डिमिन्युटा' ही जात प्रसिद्ध आहे. तिची लांबी साधारण २० ते ६० सेंटिमीटर असते. तिची अंडी उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात. धान्यातील पोरकिडे, पिठातील तांबडे किडे किंवा पिसवांच्या अळ्या ही अंडी खातात व त्यांच्या शरीरात कृमीची पुढची अवस्था तयार होते. असा किडा उंदराने खाल्ला की चक्र पूर्ण होते. माणसाला, विशेषतः लहान मुलांना, हा कृमी होतो तो न चाळलेल्या पिठातून किंवा कच्च्या धान्यातून असा किडा पोटात गेल्यामुळे. उंदराच्या लेंड्या थेट पोटात गेल्या तरी हा कृमी होत नाही, कारण मध्ये किड्याचा मुक्काम आवश्यक असतो. पीठ चाळून घेणे आणि धान्याला ऊन देणे या आपल्या घरच्या जुन्या सवयींना या दृष्टीने शास्त्रीय आधार आहे.

याचाच भाऊबंद 'हायमेनोलेपिस नाना', म्हणजे बुटका पट्टकृमी. तो जेमतेम दीड ते चार सेंटिमीटर लांब असतो. पण मानवी आरोग्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा, कारण त्याला किड्याच्या मुक्कामाची सक्ती नाही. त्याची अंडी एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याच्या तोंडात गेली तरी पुरते. इतकेच नव्हे, तर एकाच रुग्णाच्या आतड्यात अंडी फुटून नवे कृमी तयार होऊ शकतात. माणसात आढळणारा हा कृमी आणि उंदरात आढळणारा कृमी पूर्णपणे एकच आहेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रसार प्रामुख्याने माणसाकडून माणसाकडे होतो, हे मात्र सर्वमान्य आहे. म्हणून वसतिगृहात हा कृमी आढळला तर उंदरांना दोष देण्याआधी हात धुण्याची जागा व साबण आहे की नाही हे पाहावे.

येथे एक व्यावहारिक मुद्दा नोंदवावासा वाटतो. २०१५ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या उपक्रमात १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ही गोळी मुख्यतः मातीतून येणाऱ्या गोलकृमींसाठी आहे. पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल हे निराळे औषध डॉक्टर देतात. 'जंताची गोळी घेतली आहे, म्हणजे आता जंत असूच शकत नाहीत' हा समज बरोबर नाही. पोटदुखी, भूक मंदावणे व अशक्तपणा अशा तक्रारी टिकून राहिल्या तर मलतपासणी करून घ्यावी.

उंदरात 'मोनिलिफॉर्मिस' नावाचा काटेरी तोंडाचा कृमीही असतो. त्याचा मधला मुक्काम झुरळात असतो. इटलीतील कालांद्रुच्चो या संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कृमीच्या अळ्या स्वतः गिळून त्याची लक्षणे नोंदविली होती. माणसात हा क्वचितच आढळतो. पण उंदीर आणि झुरळ एकाच स्वयंपाकघरात नांदत असतील तर त्याची साखळी तेथे पूर्ण होऊ शकते, हे त्यावरून समजते.

दुसरी वाट : गोगलगाय

उंदराच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत राहणारा 'अँजिओस्ट्राँजिलस कँटोनेन्सिस' हा कृमी १९३५ मध्ये चीनमधील कँटन, आजचे ग्वांगझू, येथील उंदरांत प्रथम वर्णिला गेला. माणसातील पहिला रुग्ण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तैवानमध्ये नोंदला गेला. त्याचे जीवनचक्र विस्मयकारक आहे. मादीने घातलेली अंडी उंदराच्या फुप्फुसात फुटतात, अळ्या श्वासनलिकेतून वर चढून गिळल्या जातात व लेंड्यांतून बाहेर पडतात. त्या गोगलगायीच्या शरीरात शिरून वाढतात. अशी गोगलगाय उंदराने खाल्ली की अळ्या प्रथम त्याच्या मेंदूत जातात, तेथे वाढतात आणि मग फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत परततात.

माणसाच्या पोटात ही अळी गेली तर तीही मेंदूकडेच निघते. पण माणूस हा तिचा योग्य यजमान नसल्याने पुढची वाट तिला सापडत नाही आणि बहुधा ती मेंदूच्या आवरणाजवळच मरते. त्यामुळे मेंदूच्या आवरणाला दाह होतो. तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, उलट्या, त्वचेवर मुंग्या किंवा जळजळ ही त्याची लक्षणे होत. पाठीच्या कण्यातील द्रवात 'इओसिनोफिल' नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात व त्यावरून डॉक्टरांना संशय येतो. बरेच रुग्ण बरे होतात, पण काहींना कायमचे अपंगत्व येते आणि मृत्यूही घडलेले आहेत.

हा परदेशातील दुर्मीळ आजार आहे असे समजून पान उलटू नये. मुंबईतील उंदरांमध्ये हा कृमी आढळल्याचा अभ्यास १९८२ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. केरळमध्ये अशा मेंदूदाहाचे रुग्ण नोंदले गेले असून त्यांतील काहींनी औषधी समजून घोरपडीचे मांस कच्चे खाल्ले होते. घोरपड गोगलगायी खाते व अळ्या तिच्या मांसात साठून राहतात. या कृमीला सोयीची असलेली मोठी आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्याला आणली गेली आणि तेथून ती देशभर पसरली. मराठीत शेतकरी तिला 'शंखी गोगलगाय' म्हणतात. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनच्या कोवळ्या पिकाचे मोठे नुकसान केले, तेव्हा शेतकऱ्यांनी त्या हातांनी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडविल्या.

येथे धोक्याचे प्रमाण नीट समजून घ्यावे. प्रत्येक गोगलगायीत हा कृमी असतो असे नाही. तो येतो कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय पोटात गेल्याने, तिचे बारीक पिल्लू चिकटलेला भाजीपाला न धुता खाल्ल्याने, किंवा तिला हाताळलेला हात तोंडात गेल्याने. म्हणून गोगलगायी वेचताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी, नंतर हात साबणाने धुवावेत, कोथिंबीर-पालक एकेक पान उलगडून वाहत्या पाण्यात धुवावा, आणि पैजेखातर गोगलगाय गिळण्याचे खेळ मुलांना कटाक्षाने टाळायला सांगावेत. अशा खेळातून तरुण जन्माचे अपंग झाल्याची उदाहरणे परदेशात घडली आहेत. पूर्ण शिजवल्याने ही अळी मरते.

तिसरी वाट : पिसू, गोचीड आणि चिगर

उंदराच्या अंगावरील परजीवी हे स्वतः उपद्रवी असतातच, पण खरा धोका ते ज्यांची वाहतूक करतात त्या सूक्ष्म जिवांचा आहे. प्लेग हे याचे ठळक उदाहरण. १८९४ मध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँग येथे प्लेगचा जिवाणू शोधला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, जेथे बंदराला लागून धान्याची गोदामे होती, पहिले रुग्ण ओळखले ते मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. तरीही हा रोग माणसाला कसा लागतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा, ओल, अंधार अशी कारणे दिली जात होती आणि घरे रिकामी करून, सामान जाळून, लोकांची जबरदस्तीने तपासणी करून उपाय चालले होते. पुण्यात याच जबरदस्तीतून १८९७ चे रँड-वध प्रकरण घडले. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला.

१८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या भांड्यात त्यांनी प्लेगने आजारी, पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि जाळीच्या आत एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, पिसवांना मात्र जाळीतून जाता येत होते. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग आयोगाने १९०५ नंतर याची पडताळणी केली. जमिनीपासून उंच टांगलेल्या किंवा भोवती चिकट कागद पसरलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी वाचले आणि पिसू जेथे उडी मारून पोहोचू शकत होती ते प्राणी मेले. १९१४ मध्ये बॅकट व मार्टिन यांनी कारणाची शेवटची कडी जोडली. प्लेगचे जिवाणू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी गोळा होऊन वाट बंद करतात. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, रक्त आत जात नाही व जिवाणूंसह माघारी जखमेत पडते.

या सर्वांतून एक अत्यंत व्यवहारोपयोगी नियम निघतो. उंदीर मेला की त्याचे अंग थंड होते व पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात. जुन्या मराठी बोलण्यात 'उंदीर पडू लागले' हे वाक्य गावाला धोक्याची सूचना देण्यासाठी वापरले जाई. लोकांचे निरीक्षण अचूक होते, कारण तेवढे ठाऊक नव्हते. म्हणून जेथे उंदीर आपोआप मरत असतील किंवा पिसवांचा उपद्रव जाणवत असेल, तेथे आधी बिळांत व घरांत कीटकनाशक वापरून पिसवा नष्ट कराव्या लागतात, मग उंदीर. हा क्रम उलटला तर उंदीर मारणारी मोहीमच माणसाला धोका निर्माण करते. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे रुग्ण आढळण्यापूर्वी ग्रामस्थांनी उंदीर मरत असल्याची व पिसवा वाढल्याची तक्रार केली होती. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली, देशभर मिळून सुमारे पन्नास मृत्यू झाले, आणि लाखो लोक सुरत सोडून निघाले. प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सीसायक्लिन यांसारखी प्रतिजैविके वेळीच दिली तर रोगी वाचतो. त्या आठवड्यांत गर्दीच्या रेल्वेने पसरलेल्या भीतीने व्यापार आणि माणुसकी या दोहोंचे किती नुकसान केले, ते वडोदऱ्याच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

आज आपल्या भागात प्लेगपेक्षा स्क्रब टायफस अधिक भेटतो. उंदरावर जगणाऱ्या 'चिगर' नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अळीच्या दंशातून त्याचे जिवाणू येतात. पावसाळ्यात व त्यानंतर गवत-झुडपांतून फिरणाऱ्यांना तो होतो. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भात त्याचे अनेक रुग्ण आढळले व मृत्यूही झाले. दंशाच्या जागी न दुखणारी काळी खपली येते. पण ती काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली दडलेली असते व रुग्ण ती सांगत नाही. येथे भाषेचा एक घोटाळा घातक ठरतो. 'टायफस' आणि 'टायफॉइड' हे शब्द ऐकायला सारखे असले तरी रोग निरनिराळे आहेत. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून येतो, टायफस किड्यांच्या माध्यमातून. टायफॉइडसाठी दिली जाणारी अनेक इंजेक्शने टायफसवर निरुपयोगी असतात, तर डॉक्सीसायक्लिनसारखे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रुग्ण दोन दिवसांत सुधारू लागतो. ताप आलेल्या विद्यार्थ्याला 'शेतात किंवा गवतात गेला होतास का, अंगावर कोठे काळी खपली आहे का' हे दोन प्रश्न विचारून ते उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे हे अध्यापकालाही जमण्याजोगे काम आहे.

उंदरावरील पिसवांपासून होणारा 'म्युरिन टायफस' हा याचाच शहरी भाऊबंद. त्यात पिसवेच्या विष्ठेतील जिवाणू खाजविलेल्या जागेतून शरीरात जातात. सीमाभागातील वाचकांना आणखी एक नाव परिचित असेल : क्यासनूर जंगलाचा रोग, म्हणजे माकडताप. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेलेला हा विषाणू गोचिडीतून येतो. माकडे मरतात म्हणून नाव माकडांचे झाले, परंतु जंगलातील उंदीर व चिचुंद्र्या हे लहान प्राणी गोचिडींना पोसून विषाणूचे चक्र चालू ठेवतात. २०१५ पासून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण आढळले. गोव्यातील काजूच्या बागांत मजुरीसाठी गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांनाही तो झाला. राज्यांच्या सीमा गोचीड पाळत नाही, आरोग्य खात्यांचे कागद मात्र पाळतात. त्यामुळे परतलेल्या मजुराने आपण कोठे काम केले हे डॉक्टरांना सांगणे फार महत्त्वाचे ठरते.

उंदराच्या रक्तात 'ट्रिपॅनोसोमा लुईसी' नावाचा एकपेशीय परजीवी असतो. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात टिमथी लुईस यांनी तो पाहिला, म्हणून हे नाव. पिसवांमार्फत तो एका उंदरातून दुसऱ्यात जातो. माणसाच्या रक्तातील एक विशिष्ट प्रथिन बहुतेक ट्रिपॅनोसोमांना मारून टाकते, म्हणून हा माणसाला होत नाही असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु २००७ मध्ये मुंबईतील दोन महिन्यांच्या अर्भकात ट्रिपॅनोसोमा आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा परजीवी मानवी रक्तद्रवाला दाद देत नाही असे दाखविले. असे रुग्ण अत्यल्प आहेत. तान्हे मूल जमिनीवरच्या अंथरुणात झोपते व खोलीत उंदीर-पिसवा असतात, अशा घरांचा प्रश्न मात्र अत्यल्प नाही.

ज्यांची भीती प्रमाणात ठेवावी असे परजीवी

उंदराच्या यकृतातील 'कॅपिलारिया हेपाटिका' या कृमीची अंडी उंदीर जिवंत असेपर्यंत यकृतातच अडकून राहतात. उंदीर कुजला किंवा दुसऱ्या प्राण्याने खाल्ला तरच ती मातीत येतात व तेथे पक्व होतात. अशी माती खाणाऱ्या लहान मुलांना क्वचित गंभीर यकृतविकार होतो. मेलेला उंदीर उकिरड्यावर फेकू नये, खोल पुरावा, यामागील हे एक कारण आहे. त्याच यकृतात कधी पांढऱ्या गाठी दिसतात. त्या मांजराच्या पट्टकृमीच्या असतात व माणसाला त्यांचा धोका जवळजवळ नसतो.

'टॉक्सोप्लाझ्मा' हा मांजराचा परजीवी उंदरातून फिरतो. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखविले की, याने ग्रस्त उंदरांना मांजराच्या वासाची स्वाभाविक भीती वाटेनाशी होते. तुफैली पाहुणा येथे यजमानाला थेट शिकाऱ्याच्या दारात नेतो. माणसाला हा उंदरापासून सहसा होत नाही. तो मांजराच्या विष्ठेने दूषित मातीतून व कच्च्या मांसातून होतो, आणि गरोदरपणी प्रथमच झाला तर गर्भाला धोका असतो. उंदरांवर उपाय म्हणून मांजर पाळणाऱ्यांनी गर्भवती स्त्रीला तिची घाण साफ करायला लावू नये.

लेप्टोस्पायरोसिस हा काटेकोर अर्थाने या लेखाच्या कक्षेत येत नाही, कारण तो जिवाणूजन्य आहे. तरी उंदरापासून होणाऱ्या आजारांत आपल्याकडे तोच सर्वांत व्यापक असल्याने उल्लेख आवश्यक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले. उंदराच्या व गुरांच्या मूत्रातील जिवाणू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर पाय धुणे, जखम झाकणे, आणि ताप आला तर पाण्यातून गेल्याची माहिती डॉक्टरांना देणे, एवढे पुष्कळ काम करते.

महाविद्यालयीन पातळीवर काय करता येईल

१. वसतिगृहाचे धान्य जमिनीला न टेकवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावे. डबे पत्र्याचे असावेत. उष्टे रात्रभर उघडे राहू नये. उंदराचे खाणे बंद झाल्याशिवाय कोणतेही विष टिकाऊ उपयोगाचे नाही, कारण रिकाम्या झालेल्या बिळात नवा उंदीर येतो.

२. दारांखालच्या फटी व पाइपांची भोके सिमेंटने किंवा जाळीने बुजवावीत. विषारी आमिष ठेवण्याआधी परिसरात पिसवा आहेत का याची चौकशी करावी, व असतील तर आधी कीटकनाशक फवारावे. उंदीर गेल्यावर त्यांच्या घरट्यांतील सूक्ष्म कीटक माणसाला चावून त्वचेवर खाज आणतात, म्हणून घरटीही काढून जाळावीत.

३. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हे काम करणाऱ्या सफाई कामगाराला हातमोजे व बूट देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. मुंबई महानगरपालिकेने रात्रपाळीत उंदीर मारणारे कामगार दीर्घकाळ नेमले आहेत. शहराचे आरोग्य ज्यांच्या हातांवर चालते ते हात उघडे राहावेत हे योग्य नव्हे.

४. एकाच वेळी अनेक उंदीर कारण न कळता मेलेले आढळले तर ते झाडून टाकून विषय संपवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे.

५. विज्ञान व भाषा विभागांनी मिळून या आजारांची नावे, लक्षणे व 'डॉक्टरांना काय सांगावे' याची एक पानी माहिती मराठी, उर्दू व स्थानिक राज्यभाषेत तयार करावी. रुग्ण ज्या भाषेत ताप सांगतो ती भाषा डॉक्टरांची नसेल, तर खपली, गवत, पाणी, पिसू हे शब्दच वाटेत हरवतात.

समारोप

उंदरांमधील परजीवींची यादी मोठी असली तरी माणसापर्यंत येणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत : न चाळलेले पीठ, न धुतलेली भाजी, अनवाणी पाय, गवतातील बैठक आणि जमिनीवरचे अंथरूण. यांतील बहुतेक वाटा गरिबाच्या घरातून जातात. पत्र्याचा डबा, उंच खाट, पायात बूट आणि साबण या वस्तू ज्याच्याकडे आहेत त्याच्यासाठी हा विषय कुतूहलाचा आहे. ज्याच्याकडे त्या नाहीत त्याच्यासाठी तो तापाच्या पहिल्या तीन दिवसांत योग्य औषध मिळते की नाही एवढ्यावर येऊन ठेपतो. असे विद्यार्थी आपल्या वर्गात बसलेले असतात. पावसाळ्यानंतर त्यांतील एखादा चार दिवस दिसला नाही, तर हजेरीपटावर फुली मारण्याबरोबर त्याच्या तापाची चौकशीही व्हावी, एवढी अपेक्षा या लेखाच्या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.